साहाय्य जमिनीस कीं माणसास?

एका मनुष्याच्या हातून दुसऱ्याच्या हातांत द्रव्य जाण्याचे न्याय्य मार्ग मुख्यतः दोन आहेत. एक मोलाचा, दुसरा साहाय्याचा. मोल देतांना आपण घेणाऱ्याची गरज विचारीत नाहीं. त्यानें काय दिलें एवढेंच पाहतों. कापडाचा भाव सांगतांना दुकानदार आपल्या मुलीच्या लग्नाची अडचण सांगूं लागला, तर त्याच्याविषयीं सहानुभूति वाटूनहि आपण भाव दुसऱ्या दुकानीं विचारून येतों. साहाय्य देतांना याच्या उलट घडतें. तेथें घेणाऱ्यानें काय दिलें हा प्रश्नच नसतो. त्यास काय उणें आहे, एवढेंच पाहावयाचें असतें. हे दोन्ही व्यवहार आपापल्या ठिकाणीं चोख आहेत. घोटाळा उत्पन्न होतो तो त्यांच्या मिश्रणानें; द्रव्य साहाय्याच्या नांवानें बाहेर पडतें आणि मोलाच्या मापानें वांटलें जातें, तेव्हां.

राजसत्ता शेतकऱ्यास पिकाचें जें अनुदान देते तें ह्या दोहोंपैकीं कोणत्या जातीचें? प्रश्न वरवर पाहतां अर्थशास्त्र्यांचा वाटतो. पण त्याच्या मुळाशीं नीतीचा एक प्रश्न आहे, आणि तो असा: ज्याच्या दुःखाचें नांव घेऊन खजिन्याचें दार उघडलें, त्याच्या हातीं तें द्रव्य पडलेंच नाहीं, तर देणाऱ्यानें तें त्यास दिलें असें म्हणतां येईल काय? केवळ तत्त्वाच्या भाषेंत ही चर्चा केली तर ती अधांतरीं राहील. म्हणून एक प्रदेश व एक काळ समोर ठेवून ती करूं. अमेरिकेंतील आर्कान्सा राज्यांत पॉइनसेट नांवाची एक काउंटी आहे. काउंटी म्हणजे आपल्याकडील एखादा मोठा तालुका किंवा लहानसा जिल्हा समजावा. पिकांच्या अनुदानाची आजची अमेरिकन पद्धति १९३३ सालीं सुरू झाली; आणि त्या अनुदानानें आरंभीं कोणाचें काय केलें, हें ह्या एका काउंटींत इतकें स्पष्ट दिसलें कीं, पुढील सर्व वाद तेथूनच समजून घेणें सोयीचें.

१९२९ सालीं अमेरिकन शेतकऱ्यास कापसाचा भाव दर पौंडामागें सुमारें १७ सेंट मिळत होता; १९३१ त तो ६ सेंटांच्याहि खालीं घसरला. शेतकरी जितका अधिक पिकवी तितका भाव उतरे, आणि भाव जितका उतरे तितकें अधिक पिकविण्यावांचून त्यास गत्यंतर नसे. ह्या चक्रांतून त्यास सोडविण्यासाठीं १२ मे १९३३ रोजीं शेतीसमायोजनाचा कायदा झाला. त्याचें सूत्र सोपें होतें. पीक कमी करा; जी जमीन पडीक ठेवाल तिचा मोबदला सरकार देईल. ह्यासाठीं लागणारा पैसा माल प्रथम वापरणाऱ्या गिरण्यांवर कर बसवून उभा करावयाचा होता. कापसावर तो दर पौंडास ४.२ सेंट ठरला. कायदा झाला तेव्हां कापूस पेरून उगवलाहि होता. म्हणून पहिल्या वर्षीं सुमारें १ कोटी एकरांवरील उभी पऱ्हाटी नांगरून टाकण्यांत आली. सरीवर पाय द्यावयाचा नाहीं असें जन्मभर शिकविलेलीं खेंचरें उभ्या पिकांत शिरेनात, असें त्या काळच्या लोकांनीं सांगून ठेवलें आहे. लोक फाटक्या वस्त्रांनिशीं फिरत असतां कापूस मातींत घालणें कितपत योग्य, ह्याविषयीं त्या वेळींहि पुष्कळ लिहिलें गेलें. पण तो प्रश्न निराळा आहे. भाव पुढें चढला, आणि निदान तेवढ्यापुरता कायदा फळास आला, हें येथें मान्य करून चालूं. आपणांस पाहावयाचें आहे तें हें कीं, मातींत गेलेल्या पिकाचा मोबदला कोणास मिळाला.

पॉइनसेट काउंटीचा पूर्वभाग सखल आहे. १८११-१२ च्या न्यू मॅड्रिडच्या भूकंपांनीं सेंट फ्रान्सिस नदीच्या कांठची पुष्कळ जमीन खचली, तींत पाणी सांचलें आणि रान माजलें. पुढें व्यापाऱ्यांनीं झाडें तोडून नेलीं, चर खणून पाणी काढलें, आणि त्या काळ्या गाळवट जमिनीवर कापसाचे मोठमोठे मळे उभे राहिले. मळ्याचा धनी एक असे. कसणारीं कुटुंबें अनेक असत, कांहीं गोरीं व कांहीं काळीं. त्यांपैकीं सर्वांत खालच्या पायरीवरचा तो वाटेकरी. त्याच्यापाशीं ना जमीन, ना जनावर, ना नांगर. धन्यानें हीं सर्व द्यावीं, पीक येईपर्यंत मळ्यावरच्या दुकानांतून खावटीहि उधार द्यावी, आणि वाटेकऱ्यानें बायकामुलांसह राबून पिकाचा अर्धा हिस्सा घ्यावा, असा रिवाज होता. हंगामाच्या शेवटीं त्या अर्ध्या हिश्शांतून दुकानचें देणें वजा होई. हिशेब धन्याच्या वहींत असे, आणि वही वाटेकऱ्यास वाचतां येतेच असें नव्हतें. तात्पर्य, त्याचें सारें उत्पन्न उभ्या पिकाच्या अर्ध्या वाट्यांत होतें. पीक नाहीं तर वाटा नाहीं.

आतां १९३४-३५ चा सरकारी करार पाहावा. धन्यानें आपल्या कापसाच्या जमिनीपैकीं ठराविक भाग पडीक ठेवावयाचा; त्या भागाच्या नेहमींच्या उताऱ्यावर सरकार त्यास दर पौंडामागें साडेतीन सेंट 'भाडें' म्हणून देणार, व त्याखेरीज आणखी एक सेंट. भाडें हें जमिनीचें, म्हणून तें सर्व धन्याचें. वरच्या एका सेंटापैकीं अर्धा धन्याचा व अर्धा वाटेकऱ्याचा. म्हणजे साडेचार सेंटांपैकीं चार धन्यास आणि अर्धा वाटेकऱ्यास. स्वतःचीं जनावरें व अवजारें बाळगून आपल्या जबाबदारीवर शेती करणाऱ्या कुळास कांहीं अधिक वाटा होता. पण तशीं कुळें थोडीं. एका एकराचा उतारा २०० पौंड धरला तर त्या एकराचे सरकारकडून ९ डॉलर आले. त्यांतील ८ धन्याचे व १ वाटेकऱ्याचा. तोच एकर पेरला असता आणि कापूस १० सेंटांनीं विकला असता, तर २० डॉलरांपैकीं १० वाटेकऱ्याच्या नांवें पडले असते. आणि तो एक डॉलरसुद्धां बहुधा धन्याच्या हातूनच यावयाचा, म्हणजे खावटीच्या देण्याची चाळणी लागून यावयाचा.

इतकेंहि करून प्रकरण संपतें तर तें केवळ विषम वांटणीचें एक उदाहरण ठरलें असतें. परंतु करारानें आणखी एक गोष्ट केली. जमिनीचा मोठा हिस्सा पडीक राहिल्यामुळें तितक्या कुटुंबांची धन्यास गरजच उरली नाहीं. कुटुंब काढलें कीं अर्धा सेंट वांचे. वाटेकऱ्यास रोजंदारीचा मजूर केला कीं तोहि वांचे. अशा रीतीनें, शेतकऱ्याच्या साहाय्यार्थ दिलेला पैसा हाच कसणाऱ्यास घालवून देण्याचा मोबदला होऊन बसला. करार लिहिणाऱ्यांस ही भीति दिसली नव्हती असें नाहीं. त्याच्या सातव्या कलमांत धन्यानें कुळांची नेहमींची संख्या शक्य तोंवर कायम राखण्याचा प्रामाणिक प्रयत्न करावा, व त्यांस त्या दोन वर्षांत राहत्या घरांतून काढूं नये, असें घातलें होतें. मात्र कूळ उपद्रवी ठरल्यास ही अट नव्हती. आणि उपद्रवी कोण हें व्यवहारांत धनीच ठरवी.

पॉइनसेट काउंटींतील टायरोन्झा गांवाजवळच्या एका मोठ्या मळ्यावरून वीसांहून अधिक कुटुंबें काढून टाकण्यांत आलीं. जुलै १९३४ मध्यें तेथील एका शाळेंत ११ गोरे व ७ काळे असे १८ मनुष्य जमले, आणि त्यांनीं दक्षिणेंतील कुळांचा संघ स्थापन केला. गांवांत कपडे धुण्याचें दुकान चालविणारा एच. एल. मिचेल व पेट्रोलचा पंप चालविणारा क्ले ईस्ट हे त्यांचे सहायक. गोऱ्यांचा संघ निराळा व काळ्यांचा निराळा असावा कीं काय, असा प्रश्न त्या सभेंत निघाला. त्याच राज्यांत १९१९ सालीं एलेन गांवच्या परिसरांत काळ्या कुळांनीं संघटना केली तेव्हां त्यांची कत्तल झाली होती. ती स्मृति असलेल्या एका वृद्ध काळ्या मनुष्यानें, निराळे राहिलों तर निराळे मारले जाऊं, अशा अर्थाचें सांगितल्यावर संघ एकच झाला. मिचेलनें पुढें ही हकीकत अनेक वेळां सांगितली आहे.

संघानें न्यायालयाकडे धांव घेतली. आर्कान्साच्या न्यायालयानें निर्णय दिला कीं, करार सरकार व धनी ह्यांच्यामधला. कूळ त्यास पक्षकार नाहीं, तेव्हां त्यास दाद मागतां येत नाहीं. कायद्याच्या अक्षराला धरून हा निर्णय कदाचित् बरोबरहि असेल. पण त्याचा अर्थ काय झाला? ज्याच्या नांवानें करार, तोच कराराबाहेर! जानेवारी १९३५ मध्यें कृषिखात्यानें मेरी कॉनर मायर्स ह्या वकील बाईंस चौकशीसाठीं आर्कान्सांत पाठविलें; त्यांचा अहवाल जनतेपुढें कधींच आला नाहीं. इकडे खात्याच्या कायदेशाखेंत सातव्या कलमाच्या अर्थाविषयीं मोठा वाद माजला. एक पक्ष म्हणे, कलमाचा अर्थ एवढाच कीं कुळांची संख्या कायम राहिली पाहिजे. मळ्यावर चाळीस कुटुंबें होतीं तर चाळीस असावींत, तींच असलीं पाहिजेत असें नाहीं. दुसरा पक्ष म्हणे, संख्या नव्हे, तींच माणसें राहिलीं पाहिजेत. जेरोम फ्रँक ह्यांच्या शाखेनें दुसरा अर्थ अधिकृत म्हणून कळविला. त्याबरोबर खात्याचे प्रशासक चेस्टर डेव्हिस ह्यांनीं तो रद्द केला, आणि फेब्रुवारी १९३५ मध्यें कृषिमंत्री हेन्री वॉलेस ह्यांच्या संमतीनें फ्रँक व त्यांचे कांहीं सहकारी ह्यांस कामावरून दूर केलें.

हा वाद शब्दांचा दिसतो, पण तो शब्दांचा नव्हे. मनुष्य ही मोजावयाची वस्तु आहे कीं ओळखावयाची, हा त्यांतील प्रश्न आहे. चाळीस कुटुंबांच्या जागीं दुसरीं चाळीस आणल्यानें कोष्टक पूर्ण होतें. पण जें कुटुंब रस्त्यावर गेलें त्याची चूल त्या कोष्टकांत कोठें पेटत नाहीं. जमिनीच्या बाबतींत एका एकराऐवजीं दुसरा एकर चालतो. माणसांच्या बाबतींत तें चालतें असें मानणारा मनुष्य माणसांकडेहि एकरांच्याच दृष्टीनें पाहत असतो.

ह्या व्यवस्थेच्या समर्थनार्थ जें बोलण्यासारखें आहे तेंहि प्रामाणिकपणें ऐकून घेतलें पाहिजे. पहिलें समर्थन असें: हें अनुदान दानच नव्हतें, तो सौदा होता. सरकारास जमीन पडीक हवी होती, आणि जमीन पडीक ठेवण्याचा अधिकार धन्याचा होता. ज्याचा माल त्याला किंमत. मजुराच्या गरजेचा येथें संबंध काय? हा युक्तिवाद बळकट आहे, आणि तो शेवटपर्यंत पाळला तर माझी फारशी तक्रार उरणार नाहीं. पण तो शेवटपर्यंत कोणीच पाळीत नाहीं. सौदाच असता तर कायदा मंजूर करवितांना लिलावांत गेलेलीं घरें, कर्जांत बुडालेले कुणबी व उपाशी मुलें हीं राष्ट्रापुढें उभीं करण्याचें कारण नव्हतें. सौद्यास करुणेची साक्ष लागत नसते. शिवाय हा पैसा आला कोठून? गिरण्यांवरच्या करांतून, म्हणजे शेवटीं कापडाच्या किंमतींतून. टायरोन्झाच्या वाटेकऱ्यानें सुती विजार घेतली तर त्या कराचा अंश त्यानेंहि भरला. लोकांकडून साहाय्य म्हणून घ्यावयाचें आणि धन्यास किंमत म्हणून द्यावयाचें, ह्यांत हिशेब जुळतो. पण शब्द पाळला जात नाहीं.

गिरण्यांवरील हा कर ६ जानेवारी १९३६ रोजीं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानें सहा विरुद्ध तीन मतांनीं घटनाबाह्य ठरविला. करदात्याचा पैसा काढून शेतकऱ्यास देण्याचा अधिकार मध्यवर्ती सरकारास ह्या रीतीनें आहे काय, असा तेथें प्रश्न होता. त्या थोर न्यायसभेपुढें गिरणीची बाजू आली, सरकारची आली. वाटेकऱ्याची बाजू मात्र त्या खटल्यांत कोणाचीच नव्हती.

दुसरें समर्थन मापाविषयींचें आहे. एकर दिसतो; गरज दिसत नाहीं. एकर सांखळीनें मोजतां येतो. गरज मोजावयाची म्हणजे प्रत्येकाच्या घरांत कारकून शिरावयाचा, आणि त्या कारकुनाच्या मर्जीपुढें गरिबानें हात जोडून उभें राहावयाचें. ह्यांतील सत्य आपल्या लोकांस निराळें सांगावयास नको. परंतु पॉइनसेटसारख्या काउंटींत माप जरी एकराचें होतें, तरी मापणारा हात निःपक्षपाती होता असें नव्हे. योजना चालविण्यासाठीं प्रत्येक काउंटींत स्थानिक शेतकऱ्यांची समिति नेमलेली असे. दक्षिणेंत तींत बहुधा जमीनदार व त्यांच्या विश्वासांतले लोक असत. कुळाची तक्रार ऐकणारा तोच, आणि ज्याच्याविरुद्ध तक्रार तोहि तोच किंवा त्याचा शेजारी. ही स्थानिक समितीची पद्धति टिकून राहिली, आणि तिच्याबरोबर तिचे दोषहि दीर्घकाळ टिकले. १९२० सालीं अमेरिकेंत नऊ लाखांहून अधिक काळे शेतकरी होते. १९९७ च्या गणनेंत ते २० हजारांहूनहि कमी उरले. ह्याचीं कारणें पुष्कळ आहेत. पण सरकारी कर्जें व साहाय्य देतांना काळ्या शेतकऱ्यांस भेदभावानें वागविलें गेलें ह्या आरोपावरून झालेला मोठा खटला १९९९ सालीं तडजोडीनें मिटला, आणि सरकारास सुमारें एक अब्ज डॉलर द्यावे लागले, हें सर्वश्रुत आहे. म्हणून एकराचें माप निर्मळ आणि गरजेचें माप मलिन, ही वांटणी खरी नव्हे. कोणतेंहि माप मापणाऱ्याच्या हाताइतकेंच निर्मळ असतें.

तिसरें समर्थन मला सर्वांत गंभीर वाटतें. तें असें: कुळांची बाजू धरली असती तर दक्षिणेंतील प्रतिनिधि बिथरले असते, आणि सबंध कायदाच बुडाला असता. त्या वेळीं सेनेटमधील बहुमताचे पुढारी जोसेफ रॉबिन्सन हे स्वतः आर्कान्साचेच होते. तेव्हां अर्धी भाकरी पदरांत पाडून घ्यावी, हाच शहाणपणा. राज्यकारभार करणाऱ्यास असे प्रसंग येतात, आणि लेखकानें घरांत बसून त्याला भित्रा म्हणणें सोपें आहे. अर्धी भाकरी घेण्यांत पाप नाहीं. पण अर्धी भाकरी कोणाची व ती कोणाच्या ताटांत पडली, हें विचारणें अवश्य आहे. दोघे भुकेले असतां दोघांस अर्धी-अर्धी मिळाली तर ती तडजोड होय. एकाच्या भुकेच्या नांवानें मागून आणलेली भाकरी दुसऱ्यास दिली, आणि पहिल्याच्या पुढचें ताटहि उचललें, तर त्यास तडजोड हा शब्द लावतां येत नाहीं. वाटेकऱ्यास कांहीं न मिळतें, तर धीर धर असें त्यास सांगतां आलें असतें. तो होता त्याहूनहि दरिद्री झाला, आणि तो त्याच्या साहाय्यार्थ केलेल्या कायद्यानेंच झाला. ह्यास धीराचा उपदेश हें उत्तर नव्हे.

येथें धन्यावरहि अन्याय होऊं नये. मळेवाल्यांपैकीं अनेक जण स्वतः सावकारी पेढ्यांच्या व विमाकंपन्यांच्या कर्जांत होते. जमीन हातची जाईल ह्या भीतीनें त्यांची झोंप उडालेली होती. सरकारनें जें पुढें केलें तें त्यांनीं घेतलें. आपण त्यांच्या जागीं असतों तर बहुधा आपणहि घेतलें असतें. पुष्कळांनीं त्याच पैशांतून ट्रॅक्टर घेतले. आणि ट्रॅक्टर आल्यावर उरलेल्या कुटुंबांचीहि गरज संपली. १९३६ नंतरच्या योजनांत कुळांचा वाटा वाढविण्यांत आला व त्यांचे धनादेश थेट त्यांच्या नांवें निघूं लागले. तेव्हां कांहीं मळ्यांवर कूळ ठेवण्याचीच चाल बंद पडून रोजाचे मजूर आले. ह्यावरून दिसतें तें हें कीं, दोष कोणा एकाच्या दुष्टपणाचा नव्हता. साहाय्याची दोरी जमिनीच्या खुंटीस बांधली, म्हणजे तीस धरून असलेले तरतात. आणि ज्यांचा जमिनीशीं संबंध केवळ हातांचा असतो त्यांच्यापर्यंत ती पोंचत नाहीं. सुधारक कितीहि सद्भावनेचा असला, तरी खुंटी तीच ठेवून दोरीची गांठ बदलल्यानें विशेष फरक पडत नाहीं.

ही जुनी गोष्ट झाली, असें कोणी म्हणेल. पॉइनसेट काउंटींत आज विस्तीर्ण शेतांतून भात, सोयाबीन व कापूस पिकतो. वाटेकऱ्यांचीं खोपटीं नाहींशीं झालीं, आणि टायरोन्झाच्या त्या दुकानांच्या जागीं कुळांच्या संघाचें संग्रहालय उभें आहे. १९३५ सालीं अमेरिकेंत ६८ लाख शेतें होतीं. २०२२ च्या गणनेंत १९ लाख उरलीं. पण माप तेंच राहिलें. मध्यंतरीं अशी पद्धति आली कीं, जमिनीवर पूर्वी काय पिकत होतें ह्यावरून तिचे 'आधार-एकर' ठरवावयाचे, आणि आज तेथें कांहींहि पेरलें तरी पैसे त्या जुन्या आंकड्यावर द्यावयाचे. परिणाम असा झाला कीं, टेक्सासमध्यें एके काळच्या भातखाचरांवर घरें बांधून राहिलेल्या लोकांस केवळ जागेच्या पूर्वपुण्याईवर अनुदान मिळत असल्याचें २००६ सालीं वॉशिंग्टन पोस्ट पत्रानें प्रसिद्ध केलें. जमिनीनें भात सोडला, पण भाताच्या पैशानें जमीन सोडली नाहीं! चीनशीं झालेल्या व्यापारयुद्धाची झळ भरून काढण्यासाठीं २०१९ मध्यें जें साहाय्य दिलें गेलें, त्यांत बहुतेक मुख्य पिकांसाठीं प्रत्येक काउंटीस एकच दर ठरला, एकरीं १५ पासून १५० डॉलरांपर्यंत. म्हणजे काउंटीच्या शिवेच्या अलीकडचा व पलीकडचा, एकाच पावसाचे व एकाच बाजाराचे दोन शेतकरी निरनिराळ्या भावांनीं दुःखी ठरले. आणि एकाच काउंटींत ज्याचे एकर दसपट त्याचें दुःखहि दसपट. एका व्यक्तीस मिळावयाच्या रकमेस मर्यादा आहे. पण २०२५ च्या कायद्यानें ती १,२५,००० वरून १,५५,००० डॉलरांवर नेली, आणि भागीदारींत प्रत्येक भागीदाराची मर्यादा निराळी मोजण्याची सोय तर पूर्वीपासूनच आहे.

आतां एक गोष्ट खरी, कीं ज्याची शेती मोठी त्याचें नुकसानहि मोठें. भाव उतरला तर हजार एकरवाल्यास अधिक ठोकर बसते. म्हणून केवळ रकमेच्या मोठेपणावरून कोणास दोष देणें योग्य नव्हे. विम्याच्या न्यायानें पाहिलें तर एकराचें माप शोभूनहि दिसेल. परंतु मग त्यास विमाच म्हणावें, त्याचा हप्ता ज्याचा त्यानें भरावा, आणि जो भाग लोकांच्या खजिन्यांतून भरला जातो तेवढ्यापुरतें तरी विचारावें कीं, हा भाग लोक कोणाकरितां भरीत आहेत.

आपल्याकडेहि ह्या प्रश्नाचें रूप फारसें निराळें नाहीं. २०१९ पासून केंद्रसरकार शेतकरी कुटुंबास वर्षाला ६,००० रुपये देतें, आणि २०२३ त महाराष्ट्र सरकारनें त्यांत तितकीच भर घातली. येथें माप एकराचें नाहीं, सर्वांस सारखी रक्कम आहे, ही गोष्ट निःसंशय चांगली. पण खुंटी सातबाऱ्याचीच आहे. दुसऱ्याची जमीन बटाईनें करणारा, जन्मभर निंदणी-खुरपणी करणारी शेतमजूर स्त्री, नवऱ्याच्या मागें शेत चालवूनहि उताऱ्यावर नांव न चढलेली विधवा, हीं सर्व शेतांत असतात आणि उताऱ्यावर नसतात. दुष्काळाचें वर्णन करतांना आपण ज्यांचीं चित्रें काढतों तीं बहुधा हींच माणसें होत.

मग करावें काय? मोल देऊं नये असें माझें म्हणणें नाहीं. सरकारास जमीन पडीक हवी असेल, पाणी राखावयाचें असेल, रान वाढवावयाचें असेल, तर त्यानें तें उघडपणें विकत घ्यावें आणि किंमत मोजावी. साहाय्य देऊं नये असेंहि नाहीं. भाव आणि पाऊस ह्या दोन लहरी धन्यांच्या हाताखालीं राबणाऱ्यास समाजानें सावरलेंच पाहिजे. सांगणें एवढेंच कीं, दोन्ही वह्या निराळ्या असाव्या. किंमतीच्या वहींत एकर लिहावे, साहाय्याच्या वहींत माणसें लिहावीं. आणि एका वहींतील आंकडा दुसरींत ओढूं नये. हें कठीण आहे. माणसें स्थिर नसतात, एक गांव सोडून दुसरीकडे जातात, त्यांस उतारा नसतो. पण जें मोजण्यास सोपें तेंच मोजलें म्हणजे न्याय झाला असें होत नाहीं.

आणि जेथें ह्या दोन वह्या निराळ्या करणें अगदींच अशक्य असेल, तेथें निदान एक मर्यादा पाळली जावी. साहाय्य कमी पोंचलें तर तो दुबळेपणा. तें भलत्यास पोंचलें तर तो गलथानपणा. दोन्ही क्षम्य मानतां येतील. पण ज्याच्या नांवानें तें मागितलें, तो त्या साहाय्यामुळेंच पूर्वीपेक्षां हीन स्थितीस गेला, तर मात्र राजसत्तेनें नुसतें चुकीचें दिलें असें नव्हे, त्याच्यापासून घेतलें असें म्हटलें पाहिजे. १९३४ सालीं टायरोन्झाच्या शाळेंत जमलेल्या त्या अठरा माणसांनीं दान मागितलें नव्हतें. आमच्या नांवानें जें दिलें जात आहे त्यानें आमचें घर तरी जाऊं नये, एवढीच त्यांची मागणी होती. इतक्या लहान मागणीस त्यांच्या सरकारापाशीं त्या वेळीं उत्तर नव्हतें. पुढें जेथें जेथें शेतकऱ्याच्या नांवें अनुदानाचा कागद निघेल, तेथें तेथें सही करण्यापूर्वीं ही मागणी एकदां वाचली जावी.